इतर जमा

खुर्चीवर अर्धा खाल्लेला चिकन रोल पडला होता. मोहनरावांनी तो कागदासकट दोन बोटांत उचलला, आणि आता ठेवायचा कुठे ते न कळून तसेच उभे राहिले.

"सॉरी मोहन, माझाच तो!" ग्रॉन्यानं हसत रोल काढून घेतला. "बसा ना. यू आर ग्रँड, काही बिघडलं नाही."

मोहन! बापाच्या वयाच्या माणसाला सरळ नावानं हाक. डब्लिनला लेकीकडे येऊन तीन आठवडे होत आले, तरी हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण ग्रॉन्या ज्ञानदाच्या भाड्याच्या घरातली सोबतीण. ज्ञानदाच्याच हाताखाली पोहे भिजवायला शिकलेली. आणि आज तर अंगात पिवळा टी-शर्ट, छातीवर ठळक अक्षरांत 'ज्ञानदा फॉर प्रेसिडेंट'. असल्या माणसाला शंभर गुन्हे माफ. मोहनराव बसले.

विद्यापीठातलं मोठं व्याख्यान-सभागृह जेवणाच्या सुट्टीत भरत होतं. विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक दोन दिवसांवर आली होती आणि आज उमेदवारांना सगळ्यांसमोर बसवून कुणीही काहीही विचारायचं, अशी इथली रीत. समोर टेबलापाशी दोघंच. एक ज्ञानदा, नागपूरची, एमएस्सीचं दुसरं सत्र. दुसरा डारा, डब्लिनबाहेरच्या ब्लेसिंग्टनकडचा, बाह्या दुमडून बसलेला उंच पोरगा. मध्ये सूत्रं सांभाळायला एक चष्मेवाल्या प्राध्यापकबाई.

"हे कसलं इलेक्शन रे केदार?" मोहनराव शेजारी वाकून म्हणाले. "ना हार, ना तुरे. लोकं तं डबे खाऊन राहिले!"

"काका, इथं असंच असतं," केदार म्हणाला. तो पुण्याचा, ज्ञानदाच्या वर्गातला. शहराबाहेर लिक्सलिपला चौघांत खोली घेऊन राहणारा, आणि अंगात पिवळा शर्ट घातलेला. इथली इंग्रजी मोहनरावांच्या कानांवरून सुळकन निघून जायची, म्हणून ज्ञानदानं त्याला मुद्दाम त्यांच्या बाजूला बसवलं होतं.

आधी डाराची पाळी झाली. सगळ्यांना सकाळचा नाश्ता फुकट देऊ, असं त्यानं छापलं होतं. एका मुलीनं उठून विचारलं, शिजवणार कोण? डारा अडखळला, हसला, कान लाल झाले, "ते अजून ठरायचंय," म्हणाला. सभागृह खदखदलं. मोहनरावांनी मांडीवर थाप मारली. झालं, याचा तर बाजार उठला!

मग ज्ञानदा उभी राहिली. ग्रंथालय उशिरा बंद होतं, त्यानंतर लांब राहणाऱ्या पोरांचे हाल होतात, म्हणून संघाच्या खर्चानं दोन बस, एक लिक्सलिपला आणि एक ब्लेसिंग्टनला. बोलली छानच. पिवळे शर्ट टाळ्या वाजवत होते आणि मोहनरावांचा ऊर भरून आला होता.

तेवढ्यात ग्रॉन्यानं हात वर केला.

मोहनराव खुशीत आले. ही चाल त्यांना ठाऊक होती. आपल्याच माणसाला उठवायचं, मऊसा प्रश्न विचारायला लावायचा, आणि उमेदवारानं षटकार मारायचा. हुशार आहेत हो पोरी!

"ज्ञानदा," ग्रॉन्या म्हणाली, आणि या वेळी ती इतकी सावकाश बोलली की मोहनरावांना केदारची गरजच पडली नाही. "तुझ्या अंदाजपत्रकात खाली एक ओळ आहे, इतर जमा. तुझी एक अख्खी बस त्या ओळीवर चालते. हे पैसे देणार कोण आहे?"

ते अंदाजपत्रक मोहनरावांनी केलं होतं.

विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या लेखा विभागात त्यांचा जन्म गेला होता, आणि लेकीनं स्वैपाकघराच्या टेबलावर कागद पसरले तेव्हा 'आण इकडं' म्हणून त्यांनीच चष्मा चढवला होता. नगरपालिकेत पद्धत अशी की आधी खर्च ठरायचा. मग जमा मोजायची. जमा कमी पडली की जेवढं भगदाड तेवढा आकडा 'इतर जमा' म्हणून लिहायचा, की दोन्ही बाजू जुळल्या. अध्यक्ष खूश, सभागृह खूश. त्या ओळीपर्यंत वाचत जाणारा माणूस अख्ख्या गावात जन्माला आला नव्हता. ज्ञानदानं विचारलं होतं खरं, "बाबा, हे कुठून येणार?" ते म्हणाले होते, "येते बेटा. नेहमीच येते."

"घरभेदी!" ते दातांत म्हणाले. "अंगात आपला शर्ट, न् काम त्यांचं! घरी विचारता येत नव्हतं काय हिला?"

"विचारलं होतं काका," केदार हळूच म्हणाला. "ज्ञानदा म्हणाली, बाबांनी केलंय म्हणजे बरोबरच असणार."

समोर ज्ञानदा कागदावरची ती ओळ पुन्हा वाचत होती. मोहनरावांना राहवेना. सभा सुरू असताना अध्यक्ष अडकले की मागच्या बाकावरून चिठ्ठी सरकवायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं, आणि हात आपोआप खिशातल्या पेनकडे गेला. प्रचारपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मराठीत खरडलं, 'माजी विद्यार्थ्यांची देणगी अपेक्षित आहे, असं सांग.' घडी घातली, पुढच्या पोराच्या खांद्याला टोचली आणि ज्ञानदाकडे बोट केलं.

चिठ्ठी निघाली. या हातातून त्या हातात, पिवळ्या शर्टांतून, डाराच्या निळ्या शर्टांतूनही. वाटेत कुणी ती उघडली नाही. कुणी वासही घेतला नाही तिचा! मोहनराव डोळे विस्फारून बघत राहिले.

ज्ञानदानं घडी उघडली. वाचली. त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. घडी पुन्हा घातली, पाण्याच्या पेल्याखाली ठेवली आणि बाईंना म्हणाली, "माझं अंदाजपत्रक पडद्यावर लावता येईल का?"

मोठ्या पडद्यावर ते आलं. मोहनरावांचीच मांडणी, सुबक, काटेकोर. शेवटाला ती ओळ.

"हे पैसे कोण देणार, मला माहीत नाही," ज्ञानदा म्हणाली. "ही ओळ मी वाचली होती. मलाही शंका आली होती. तरी मी ती राहू दिली, कारण बेरीज जुळत होती. अंदाजपत्रक माझ्या नावानं छापलंय, तेव्हा चूक माझी." तिनं समोरचा लॅपटॉप ओढला, ती ओळ निवडली आणि सगळ्यांच्या देखत पुसून टाकली. खालची बेरीज सर्रकन उतरली. "दोन बस मी देऊ शकत नाही. एक देईन."

अरे बाप्पा! मोहनरावांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं अंदाजपत्रकं रचली, पण मंजुरीच्या सभेत उभं राहून स्वतःचा आकडा स्वतःच्या हातानं खाली आणणारा मायेचा पूत त्यांनी पाहिला नव्हता. आणि ही तर त्यांच्या घरची पोर. पाच वर्षांपूर्वीपर्यंत जी दुकानात एकटी जायला भ्यायची, ती.

टाळ्याबिळ्या काही झाल्या नाहीत. मागच्या रांगेतली दोन मुलं दप्तरं उचलून निघून गेली. ग्रॉन्या खाली बसली. तिनं रोल उघडला, न खाता परत गुंडाळला.

"चिडलात का माझ्यावर, मोहन?" तिनं विचारलं.

बाप म्हणून मोहनराव चिडले होते, मघाशी. आता आत काहीतरी निराळंच होऊन राहिलं होतं. या पोरीला ज्ञानदा निवडून यायला हवी होती, आणि तरी ती उठली. कुठून आणतात हे लोक एवढी छाती?

"शेवटचे एकदोन प्रश्न?" बाईंनी विचारलं. कुणी हलेना.

अधिकाऱ्यानं सभागृहात प्रश्न विचारायचा नसतो. उत्तरं पुरवायची, तीही मागून. निवृत्त होईतो मोहनरावांनी हा नियम पाळला होता. त्यांचा हात वर गेला तेव्हा पहिल्यांदा तेच दचकले.

"काका, काय करताय?" केदार कुजबुजला.

"बाहेरच्या माणसानं विचारलं तं चालते का?" मोहनरावांनी उभं राहून आपल्या इंग्रजीत विचारलं.

"सभा सगळ्यांसाठी खुली आहे, सर," बाई म्हणाल्या. "विचारा."

सगळ्या माना वळल्या. आता माघार कसली. "तुम्ही म्हणता एक बस," ते ज्ञानदाला म्हणाले. "कोणती? न् बस नसलेल्या स्टॉपवर कोण उभं राहणार?"

ज्ञानदानं आता मात्र त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना बापाची ओळख. प्रश्न विचारणाऱ्याकडे जसं पाहावं, तसं ती पाहत होती.

"थँक यू, सर," ती म्हणाली.

सर! ते ऐकून त्यांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

"ब्लेसिंग्टनची बस राहील," ज्ञानदा म्हणाली. "लिक्सलिपला निदान उशिराची ट्रेन आहे. स्टेशन लांब पडतं, पावसात चालणं वाईट आहे, पण ट्रेन आहे. ब्लेसिंग्टनला रेल्वेच नाही. शेवटची बस चुकली की त्या अंधाऱ्या रस्त्यावर माणूस एकटा. म्हणून स्टॉपवर लिक्सलिपचे लोक राहतील." ती क्षणभर थांबली. "तिथं बहुतेक माझेच मित्र राहतात. माझी मतंही तिथलीच. हे मला कळतंय."

डारानं हातातलं पेन खाली ठेवलं आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या गावची बस वाचली होती, आणि वाचवली होती ती हिनं.

"समाधान झालं का, सर?" बाईंनी विचारलं.

मोहनरावांनी नुसती मान हलवली. ही पोरगी आता निवडून येत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. इतक्या निवडणुका पाहिल्या होत्या, त्यात शंकाच नव्हती. आणि असा अभिमान त्यांना जन्मात कधी वाटला नव्हता.

ते बसायला वळले, तर शेजारी केदारचा हात वर. पिवळ्या शर्टातला केदार, लिक्सलिपचा. चेहरा पडलेला, ओठ आवळलेले.

"मला विचारायचंय," तो म्हणाला, आणि ज्ञानदाकडे बघून घुटमळला. मोठ्यानं बोलावं की नाही, ते त्याला कळत नव्हतं.

मोहनरावांनी पाय आत ओढून त्याला उभं राहायला जागा करून दिली.

"विचार बे," ते म्हणाले. "जोरात विचार. मागच्यायलेही ऐकू गेलं पाहिजे."