मधली जागा

"थांबव! तिथंच थांबव!" आई खुर्चीतून उठली होती.

मी माहितीपट थांबवला. वर्गातल्या पडद्यावर आमचेच स्वयंपाकघर होते: झेंडूची फुले, मेणबत्त्या, गोड पाव, मीठ आणि मृतांच्या दिवसासाठी, गेलेल्या आप्तांना घरी बोलावण्याच्या सणासाठी, मांडलेल्या तसबिरी. आजी, बाबा, आणि त्या दोघांच्या मधोमध, हसरा, माझा थोरला भाऊ फिदेन्सियो.

"एलियुद, आपला फिदेन्सियो तिथं काय करतोय रे?"

जिवंत माणसाची तसबीर त्या मांडणीत ठेवणे म्हणजे त्याला तिकडे बोलावणे. आमच्यात लहान पोरही ते धाडस करीत नाही. कागदपत्रे नाहीत म्हणून फिदेन्सियोला या देशाने सीमेपलीकडे हाकलून दिले होते आणि आता तो चोरवाटेने पुन्हा उत्तरेकडे, आमच्याकडे निघाला होता. वाळवंटाच्या तोंडाशी पोहोचल्याचे त्याने कळवले, त्यानंतर त्याचा फोन लागत नव्हता.

माहितीपट प्राध्यापक हॅलोरन यांचा. स्थलांतरितांचे जीवन शिकवताना ते दरवर्षी तो दाखवीत. मी याच सत्रापासून त्यांचा सहायक. आईसारखाच मीही तो प्रथमच पाहत होतो. 'खऱ्या आईला' वर्गात आणण्याची हौसही त्यांचीच.

"फ्रिजवर चिकटवलेला होता तो फोटो," ते सहज म्हणाले. "तुझ्या आई कामावर गेल्या होत्या तेव्हा. मधली जागा रिकामी दिसत होती रे. तरुण चेहऱ्यानं चौकट कशी भरली बघ!"

चित्रीकरणासाठी घराची किल्ली आईनेच विश्वासाने दिली होती.

पुढच्या बाकावरच्या मुलीने डोळे पुसले. "त्यांना विचारा ना, कसा गेला तो? सीमेवर?"

मागे कोणीतरी लिहून घ्यायला सरसावले. त्या ओल्या, भुकेल्या सहानुभूतीची मला शिसारी आली. उष्ट्या ताटात बोटे फिरावीत तशी ती आमच्या घरातून फिरत होती.

"काय म्हणतेय ती?" आईला इंग्रजी कळत नव्हते.

"काही नाही, आई. आवडलं म्हणतेय."

"खोटं बोलू नकोस, मेल्या! ह्यांना सांग, माझ्या पोराला काढा तिथून. आत्ताच्या आत्ता."

मी सांगितले. हॅलोरन हसले. "झालेलं चित्रण आता कसं काढणार? आणि समजाव त्यांना, मुलांना हाच प्रसंग सगळ्यात भिडतो."

मी समजावले नाही. आई पडद्यापाशी गेली आणि तिने तळवा फिदेन्सियोच्या चेहऱ्यावर घट्ट दाबून धरला. चेहरा झाकला गेला नाही; प्रक्षेपकाच्या झोतात तो तिच्या हातावर उमटला. कामावर सफरचंदे निवडून निवडून भेगाळलेल्या तिच्या बोटांवर तो हसत राहिला.

मी प्रक्षेपकाची तार उपटली.

"अरे, तास संपायचाय!" हॅलोरन ओरडले.

पडदा काळा झाला. आईने हात काढला नाही.