हौसेरावांचा पश्मिना स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे, पण मला साधासुधा समजू नका हं! मी पश्मिन्याचा. लडाखच्या उंच पठारावर बकऱ्यांच्या अंगावरची आतली मऊ लव विंचरून काढतात. एका बकरीची लव ती केवढी, मूठ-दोन मूठ. अशी कितीतरी बकऱ्यांची लव सोनम नावाच्या म्हातारीने हाताने निवडली, चातीवर कातली आणि सबंध हिवाळाभर मला सुयांवर विणलं. तिच्या आईने शिकवलेली वीण होती ती.

तिथे फौजेत असलेल्या हौसेरावांनी मला हौसेने घेतलं. ते मूळचे साताऱ्याचे. फौजेतून सुटल्यावर नेरूळला आले आणि उरणच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये लागले. उणे वीस अंशांत मासळीची खोकी रचायची, हे त्यांचं काम. मागच्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. पुन्हा गारठा बाधला तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून मी रोज त्यांच्या अंगाला बिलगून आत जाऊ लागलो. काय मान होता माझा!

पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून दोन महिने त्यांना गेटवर बसवलं आणि मी कपाटात जाणार असं ठरलं. सून नमिता म्हणाली, आधी हलक्या हाताने धुऊ. पण हौसेरावांच्या बायकोला, शालनबाईंना, ते पटेना.

"अगं, लोकरीला विटाळ नसतो. ती धुवायची नसते."

माहेरी देवापुढचं घोंगडं कुणी धुतलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी मोठ्या मायेने माझी घडी केली आणि घामासकट मला आत ठेवलं.

त्या घामानेच घात केला. एक बारीकसं पाखरू फटीतून शिरलं आणि माझ्या पाठीच्या घडीत अंडी घालून गेलं. मला कसर लागली. अळ्या मला कुरतडत होत्या आणि मला ओरडता येत नव्हतं. विणलेल्या कपड्याचं दुखणं वाईट, एक फास तुटला की शेजारचा सैल होतो. बाई, दार उघडा, मला उजेड दाखवा, असं मी किती विनवलं! दार उघडलं ते थेट आज सकाळी, मासेमारी पुन्हा सुरू झाल्यावर. कामावर जायची घाई होती, माझी पाठ कुणी पाहिलीच नाही.

कोल्ड स्टोरेजमध्ये आज नामा नावाचा नवा कामगार आला होता. आत जाताना वरून घालायला कंपनी देते ते जाड जॅकेट एक कमी पडलं. हौसेरावांनी आपलं काढून त्याच्या हातात दिलं.

"घाल तू. माझा पश्मिना आहे, मला काय होतंय?"

मित्रांनो, लोकरीचे कपडे धुऊन, नीट वाळवून ठेवा. अधूनमधून उलगडून बघा. आणि ठेवणीतलं काही अंगात घालण्याआधी त्याची पाठ जरूर तपासा. मला हे हौसेरावांना सांगता आलं नाही. आता तो जाडजूड दरवाजा आमच्यामागे बंद झाला आहे. खोकं उचलायला ते वाकले आणि माझ्या पाठीचे फास एकामागून एक सुटत गेले. त्यांना अजून कळलेलं नाही. पण त्यांना पहिला खोकला आला आहे.