रोपवेतनं हाळी

नात वैभवी मला ताम्हिणीहून रायगडच्या रोपवेला घेऊन गेली. ट्रॉली सुटल्यावर म्हणाली, “आज्जे, डोंगर बघ.”

डोंगर काय बघायचा? जन्म गेला माझा शेरडांमागं डोंगर तुडवण्यात. मी खाली बघितलं, तर कुणाची तरी शेरडं कड्याकडं निघालेली, आन् राखणारा झाडाखाली आडवा! मला ऱ्हावलं न्हाई. खिडकीतनं जोरात हाळी दिली. ट्रॉलीतली माणसं दचकली, पण शेरडं जागीच थांबली. राखणारा धडपडून उठला. त्यानं मागं बघितलं, झाडीत बघितलं. कुणीच न्हाई. मग त्यानं हात जोडले.

“आता बिरोबाला नारळ फोडंल त्यो,” मी म्हटलं.

वैभवी हसली. “पण हाळी तर तू दिलीस!”

“व्हय, पण मला हितं वर कुणी बसवलं?”