मात दिली की नेट जातं

दर रविवारी मी ताईशी बुद्धिबळ खेळतो. ती दुसऱ्या शहरात, मी इथे. दोघांसमोर आपापला पट, आणि चाली कॉम्प्युटरवरून एकमेकांना सांगायच्या. पण मी मात दिली रे दिली की नेट जातं! मग ताई फोनवर म्हणते, "मला काही ऐकू आलं नाही. बरोबरी." डोकं नुसतं भणभणत होतं.

शेवटी इंटरनेटवाल्याला बोलावलं. त्याने तासभर तपासलं, पण नेट एकदाही गेलं नाही.

"काका, काही बिघाड नाहीये."

"मग मी काय खोटं बोलतोय?" मी तडकलो. "बस इथे. बघच आता!"

डाव मांडला. अर्ध्या तासात ताईचा राजा कोपऱ्यात सापडला. "मात!" मी ओरडलो आणि टेबलावर दणकन मूठ आपटली. पडद्यावरची ताई तोंड उघडं ठेवून थिजली.

इंटरनेटवाला पोट धरून हसायला लागला. टेबलावरच्या राउटरची वायर त्याने नुसती धरली, तर ती हातातच आली. "काका, बिघाड तुमच्या मुठीत आहे!"

त्याने नवी पिन घट्ट बसवली. मी दुसरा डाव मांडला. यावेळी ताईने मला पार लोळवलं. "मात!" ती किंचाळली, तिकडे धाडकन आवाज झाला आणि ती थिजली. आमच्या राउटरचा हिरवा दिवा मात्र मजेत चालू होता.

लगेच तिचा फोन आला. "जिंकले रे मी! ऐकलंस ना?"

"काही ऐकू आलं नाही, ताई," मी म्हणालो. "बरोबरी."