डावीकडून आलेला लांडगा

तीन वर्षं चाललेला गेम शनिवारी संपला आणि रविवारी सकाळी उस्तादला करमेना. चहा दोनदा झाला, पेपर मागून पुढे आणि पुढून मागे वाचून झाला, तरी घड्याळ आपलं साडेनवावरच.

उस्ताद म्हणजे टॉवर क्रेनचा ऑपरेटर. वय सत्तावन्न, त्यातली सव्वीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये गेलेली. साइटवरची सगळी माणसं त्याला उस्ताद म्हणत, आणि हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बँकेत खऱ्या नावाने पुकारा झाला की तो शेजारच्या माणसाकडे बघायचा. या वयाच्या माणसाने संध्याकाळी बागेत फेऱ्या माराव्यात, गुडघ्यांबद्दल बोलावं. हा गडी मात्र टीव्हीसमोर मांडी ठोकून तलवारी चालवायचा. हे खूळ सुनेचं. मुलगा जहाजावर, आठ-आठ महिने घराबाहेर. संध्याकाळ जायला हवी म्हणून सून गेम खेळायची. एकदा दाराची बेल वाजली तेव्हा तिने कंट्रोलर सासऱ्याच्या हातात दिला, "जरा धरा हं, बाबा," म्हणाली, आणि तो तिला पुन्हा काही मिळाला नाही. उस्तादची बायको दोघांना एका माळेचे मणी म्हणायची आणि आपली खुर्ची उचलून गॅलरीत जाऊन बसायची.

साधे गेम त्याला चालत नसत. ज्यात एक अख्खं जग असतं, वाटेल त्या डोंगरावर चढता येतं, वाटेल त्या गावात मुक्काम ठोकता येतो आणि आपला भणंग वीर हळूहळू मोठा करता येतो, असलेच गेम त्याला लागत. सून ज्या लायब्ररीत कामाला होती तिथे पुस्तकांसारख्या गेमच्या डिस्कही घरी न्यायला मिळायच्या. तिने तीन आणल्या होत्या. एक ठेवायची, दोन सोमवारी परत करायच्या.

पहिला गेम बर्फातला होता. डोंगर, देवदार, तोंडातून निघणारी वाफ, सगळं अगदी झकास. उस्तादचा वीर पायवाटेने निघाला आणि वीस पावलांत मेला. लांडग्याने खाल्ला. पुन्हा निघाला, पुन्हा मेला. चौथ्यांदा मेला तेव्हा उस्तादने गेम बनवणाऱ्याच्या नावाने खडे फोडले. लांडगा दिसतच नाही तर मारायचा कसा, हा कुठला न्याय, असं त्याचं म्हणणं. सून हसत होती. लांडगा चांगला झाडांमधून चालत आला, थांबला, गुरगुरला, मग त्याने उडी मारली, तुम्ही काय झोपलात का, असं तिने विचारलं. उस्ताद म्हणाला, लबाड गेम आहे, दुसरा लाव.

दुसरा वाळवंटातला. यात लांडगे नव्हते, पण उस्ताद तासभर त्याच त्या विहिरीभोवती घिरट्या घालत राहिला. शेवटी वैतागून म्हणाला, एवढं मोठं शहर बांधलं आणि मेल्यांनी नकाशाच दिला नाही. आपल्या जुन्या गेममध्ये कसा कोपऱ्यात छान नकाशा होता.

"आहे की, बाबा," सून म्हणाली. "खाली डावीकडे."

उस्तादने नजर खाली डावीकडे वळवली. नकाशा होता. बशीएवढा गोल, पिवळाजर्द, त्यात एक लाल बाण लुकलुक करत होता. उस्ताद म्हणाला, आत्ताच आला असेल. सुनेचं हसू मावळलं. तिने उठून तिसरी डिस्क घातली आणि कंट्रोलर आपल्याच हातात ठेवला.

तिसरा गेम बेटांचा होता. सुनेने वीराला एका टेकडीवर नेऊन उभा केला. समोर, पडद्याच्या बरोबर मधोमध, पांढरं दीपगृह होतं.

"दीपगृहाकडे बघा. नजर हलवायची नाही. डावीकडे काय दिसतंय?"

"गवत."

"आणखी?"

"गवतच आहे. वाऱ्याने हलतंय."

"आता बघा तिकडे."

गवतात घोडा उभा होता. तपकिरी, खोगीर घातलेला, शेपटी हलवत चरत होता. उस्तादने पुन्हा दीपगृहाकडे बघितलं. घोडा गेला. त्याच्या जागी काळं काही नव्हतं, भोक नव्हतं, धुकं नव्हतं, नुसतं हिरवंगार गवत होतं. त्याने परत डावीकडे बघितलं. घोडा होता. चार-पाच वेळा त्याने हे केलं आणि प्रत्येक वेळी घोडा तसाच गेला आणि आला. नुसतं दिसत नसतं तर तो एवढा घाबरला नसता. पण त्याला गवत दिसत होतं. जे तिथे नव्हतं ते दिसत होतं, आणि ते खरं नाही हे सांगणारं कुणी नव्हतं.

"दोन महिन्यांपूर्वीच डोळे तपासलेत कंपनीने," तो म्हणाला. "खालची बारीक ओळसुद्धा वाचली मी."

ती ओळ समोर होती, असं सून हळूच म्हणाली. बाजूला काय दिसतं ते कुणी विचारलंच नसेल.

उस्तादने गॅलरीकडे पाहिलं, बायको पाठमोरी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मग त्याने एकदम ठरवल्यासारखं सांगून टाकलं की नवा गेम नकोच. तिन्ही परत कर. आपला जुनाच पुन्हा पहिल्यापासून खेळू, त्यात कसं सगळं ओळखीचं आहे.

सुनेने वाद घातला नाही. जुना गेम लावून दिला. उस्ताद खेळायला लागला आणि पाच मिनिटांत तीन दरोडेखोर लोळवले, पूल ओलांडला, लोहाराच्या दुकानात शिरला. जुनी ऐट परत आली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की पुलाच्या डाव्या हाताला जो दरोडेखोर लपलेला असतो, त्याला त्याने न बघताच मारला होता. तिथे तो असतो हे ठाऊक होतं, म्हणून तलवार तिकडे गेली. लोहार डावीकडे असतो हे ठाऊक होतं, म्हणून तो डावीकडे वळला. तीन वर्षं तो हे जग डोळ्यांनी खेळत होता की पाठांतराने, देव जाणे. त्याने कंट्रोलर सतरंजीवर ठेवला.

"गेम जुना लावता येतो, बाबा," सून म्हणाली. "साइट?"

साइट रोज नवी. काल होता तो मजला आज एकाने वाढलेला, काल मोकळी होती ती जागा आज पाइपांनी भरलेली, आणि या सगळ्यावरून उस्ताद दोन-दोन टनांचा लोखंडाचा भार फिरवायचा, खाली माणसं काम करत असताना. सुनेला एवढंच म्हणायचं होतं आणि ते त्याला तिच्याआधी कळलं होतं. उद्या जाऊ नका, असं ती म्हणाली. तो म्हणाला, बघू. तिने सांगितलं की ती कुणाला काही बोलणार नाही, घरात नाही आणि त्याच्या कंपनीतही नाही. बोलायचं त्यालाच आहे. यापेक्षा तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं उस्तादला वाटलं.

सोमवारी तो गेला. का गेला, हे विचारण्यात अर्थ नाही; भ्यायलेला माणूस ओळखीच्या वाटेनेच जातो. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. खाली उतरला की तो कोण होता? गुडघे दुखणारा एक म्हातारा. वर केबिनमध्ये तो उस्ताद होता. आजचा दिवस काढू, उद्या डॉक्टरकडे जाऊ, असं स्वतःला सांगत तो ऐंशी मीटरची शिडी चढला आणि खुर्चीत बसून पट्टा लावला.

खाली भोंगा उभा होता. भोंगा म्हणजे त्याचा सिग्नलमन, वॉकीटॉकीवरून वर इशारे देणारा. आवाज असा की वॉकीटॉकी नसती तरी चाललं असतं. अठरा वर्षं दोघं एकत्र. आज सळयांची एक मोळी अकराव्या मजल्यावर न्यायची होती. भोंगा म्हणाला, उचल. उस्तादने उचलली. डावीकडे घे, हळू. उस्तादने क्रेनचा हात डावीकडे वळवायला सुरुवात केली, नजर हुकावर, जशी सव्वीस वर्षं असायची. हुकाच्या डावीकडे त्याला स्वच्छ, मोकळी सिमेंटची लादी दिसत होती.

काल गवतही असंच स्वच्छ दिसत होतं.

त्याने नजर हुकावरून काढून डावीकडे नेली. लादीच्या कडेला पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस वाकून काहीतरी मोजत होता, आणि त्याच्या मागे शनिवारी नसलेली पाइपांची नवी परांची उभी होती. माणूस बराच लांब होता, मोळी त्याच्यापर्यंत पोचायला अजून वेळ होता. काही होणार नव्हतं. त्याने परत हुकाकडे बघितलं आणि माणूस नाहीसा झाला. लादी मोकळी. त्याने सगळं थांबवलं. दोन टन लोखंड हवेत लोंबकळत राहिलं.

भोंगा विचारत होता, काय झालं, वारा आहे का?

वारा आहे म्हटलं असतं तर खपलं असतं. वाऱ्यावर कोण शंका घेतो? उस्तादच्या जिभेवर तो शब्द आलाही. मग तो म्हणाला, "भार खाली घेतो. ती जागा रिकामी कर. सगळ्यांना लांब काढ."

मोळी जमिनीला लागेपर्यंत त्याने श्वास घेतला नाही, निदान त्याला तरी तसं वाटलं. मग तो शिडी उतरला. प्रत्येक पायरी त्याने पायाने चाचपली. खाली पोचल्यावर साइट इंजिनिअरच्या केबिनमध्ये जाऊन त्याने उभ्याउभ्याच सांगितलं की मला डावीकडचं दिसत नाही, क्रेन दुसऱ्या कुणाला द्या. इंजिनिअर त्याच्या मुलाच्या वयाची होती. तिने आधी खुर्ची पुढे केली आणि मग फोन उचलला.

बाहेर येऊन त्याने सुनेला फोन लावला. तिने डॉक्टरची चारची वेळ आधीच घेऊन ठेवली होती, सकाळीच, तो शिडीही चढला नसेल तेव्हा. डिस्क परत केल्यास का, असं त्याने विचारलं. अजून नाही, काउंटरवर तिन्ही समोर आहेत, कुठली ठेवू, असं ती म्हणाली.

"बेटांचा ठेव. माझ्या डाव्या बाजूला तू बसायचं."

हो बाबा, असं तिने घाईघाईने म्हटलं आणि फोन ठेवला.

उस्तादला जरा हलकं वाटलं. भीती गेली नव्हती, पण आता ती एकट्याची नव्हती. भोंगा हातात हेल्मेट घेऊन समोर येऊन उभा राहिला होता. उस्तादने त्याला सांगितलं. भोंग्याला नवल वाटलं नाही. तो खाली बघत राहिला, आणि त्याचा तो प्रसिद्ध आवाज जेमतेम ऐकू आला.

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"तू डावीकडचं बघत नाहीस ते. उन्हाळ्यात एकदा हूक परांचीला घासून गेला होता, आठवतं? तू वारा म्हणालास. तेव्हापासून मी डाव्या बाजूला कुणाला उभंच राहू देत नाही. भार निघायच्या आधी तिकडची माणसं हाकलतो. आज तो मोजणीवाला माझी नजर चुकवून घुसला." त्याने नाक पुसलं. "तुझी तीनच वर्षं राहिली होती. म्हटलं, निभावून नेऊ."

उस्तादला त्याचा राग यायला हवा होता. मिठीही मारावीशी वाटली असती. पण या दोन्हींच्या आधी त्याच्या मनात भलताच एक हिशोब सुरू झाला. भोंग्याची बायको गेल्या आठवड्यात इस्पितळात होती.

"गुरुवारी तू सुट्टीवर होतास," तो म्हणाला.

भोंग्याने मान हलवली. त्याच्या जागी दुसऱ्या साइटवरचा बदली माणूस आला होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्याला सांगावं हे भोंग्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

गुरुवारी स्लॅबचं काम होतं. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत उस्तादने बेचाळीस भार उचलले होते, बहुतेक सगळे डावीकडे. दिवस छान गेला होता. ऊन होतं, वारा नव्हता, केबिनमध्ये बसून तो चक्क शीळ घालत होता. खाली किती माणसं होती, कोण कुठे उभं होतं, कुणाच्या डोक्यापासून किती हातांवरून लोखंड गेलं, हे त्याने आठवायचा प्रयत्न केला. डोळे घट्ट मिटून पुन्हा प्रयत्न केला. त्याला आठवत होती ती फक्त लादी, लख्ख, मोकळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही माणूस नसलेली.