छोट्या गाडीमागं बोट

मोठेपणा हा मोठा चमत्कारिक आजार आहे. होतो एकाला आणि औषध घ्यावं लागतं गावाला.

अर्जुनरावांना तो वडिलांकडून आला होता. युसूफ वडगावच्या पलीकडं, मांजरा धरणाच्या काठाला त्यांचं गाव. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचे ते चेअरमन. आता गंमत अशी, की गळ्यात माळ असल्यामुळं अर्जुनराव मासा खात नव्हते, आणि आयुष्यात त्यांनी एक मासा धरलेलाही नव्हता. पण संस्थेची फायबरची बोट मोठी आणि तिला ओढायला लागणारी दांडगी पिकअप गाडी गावात एकट्या अर्जुनरावांकडं. ज्याची गाडी त्याची खुर्ची, हे सहकारातलं साधं गणित. संस्थेच्या सभेत ते कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण अर्जुनरावांना ते पक्कं पाठ होतं.

बोट रोज ओढावी लागायची. एकदा पाण्यावर ठेवली तर रात्रीत कुणीतरी तळाला भोकं पाडून गेलेलं. तेव्हापासून ठराव झाला, की सकाळी बोट दोन चाकांच्या गाड्यावर घालून खाली न्यायची आणि दिवस मावळायच्या आत वर राखणदाराच्या चौकीपाशी आणून बांधायची. गाडीच्या मागच्या हौद्यात जाळी, मासळीची क्रेट आणि सगळे सभासद. वाटेत कुणी हात केला तर तोही. "आमच्या गाडीतून माणूस कधी खाली उतरवला न्हाई," हे अर्जुनरावांच्या वडिलांचं बैलगाडीच्या काळातलं वाक्य. ते अर्जुनरावांनी पिकअपवरही चालवलं.

मग दुष्काळ पडला. ऊस नाही, भाडं नाही, पिकअप दारात धूळ खात उभी. शेवटी अर्जुनरावांनी ती विकली आणि ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात तो चारचाकी टेम्पो आणला. केसरबाई, म्हणजे त्यांच्या कारभारीणबाई, टेम्पोला हार घालता घालता म्हणाल्या, "आवो, पर ह्यानं बोट कशी वढायची?"

"हत्तीच हाय की," अर्जुनराव म्हणाले.

सभासदांनी टेम्पोकडं बघितलं, मग बोटीकडं बघितलं. वासराच्या मागं म्हैस बांधावी तसं ते दिसत होतं. त्यांच्यातला गहिनीनाथ हसणार होता. पण म्हाताऱ्या बायनाबाईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली, की हसू त्यानं खोकल्यात घालवलं. नवरा गेल्यावर त्याच्या जागी सभासद झालेली ही बाई. "चांगली हाय, आबा," ती अर्जुनरावांना म्हणाली. "चढायला सोपी."

पहिल्या संध्याकाळी बोट घेऊन वर येताना अर्जुनरावांचा जीव टांगणीला लागला होता. चढ खडा, वाट भुसभुशीत गाळाची, हौदा माणसांनी भरलेला. खरं म्हणजे 'चढापुरतं उतरा' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणजे गाडी दुबळी हे कबूल करणं, आणि गाडी दुबळी तर चेअरमन कशाचा? त्यांनी टेम्पो तसाच चढावर घातला. निम्म्यात टेम्पो कण्हायला लागला. आता अडकतो, असं वाटेपर्यंत एकदम हलका झाला आणि चढून गेला. अर्जुनरावांना वाटलं, गिअर लागला.

मागचं त्यांना काही दिसत नव्हतं. बोट टेम्पोपेक्षा रुंद, दोन्ही आरशांत नुसती बोटीची कूस. मागच्या काचेला क्रेटची थप्पी. पिकअपमधून अर्धं धरण दिसायचं.

मग काय, पारावर आबांचं तोंड सुटलं. "माणसं बसल्याली, मागं बोट, तरी बिनबोभाट चढती! ती पिकअप म्हंजी नुसतं धूड होतं." ऐकणारे माना हलवायचे. गहिनीनाथ तेवढा उठून तंबाखू थुंकायला जायचा. पाणी आटत चाललं, चढ लांबत चालला, तरी टेम्पो चढतच होता. अर्जुनरावांनाही आता आपलं बोलणं खरं वाटायला लागलं होतं.

दसरा झाला आणि टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. गहिनीनाथ गेला, बंकट गेला, त्यांच्या बायका गेल्या. संस्थेत उरले गुडघ्यानं अधू झालेला आसाराम, बायनाबाई आणि तिची सून शिवकन्या. अर्जुनरावांनी हिशेब केला, ओझं कमी झालं, आता गाडी पळत चढेल.

त्याच संध्याकाळी टेम्पो चढावर उभा राहिला.

त्यांनी पहिला गिअर टाकून रेटा दिला. चाकं गाळात फिरली, क्लचचा करपट वास आला आणि टेम्पो हातभर मागं सरकला. मागून कुणीतरी ओरडलं. अर्जुनरावांनी ब्रेकवर पाय रोवला. गाडी तीच, बोट तीच, माणसं कमी, मग झालं काय? डिझेलमध्ये भेसळ असावी, असंही मनात येऊन गेलं. पण ब्रेक सुटला तर बोटीसकट सगळे खाली जातील, ही भीती खरी होती. हौद्यात तीन जीव होते. आता बोलायलाच हवं होतं.

तोंड उघडेना. दोन शब्दांसाठी त्या माणसाला घाम फुटला. शेवटी समोरच्या काचेकडं बघत, देवापुढं गुन्हा कबूल करावा तशा आवाजात ते म्हणाले, "मावशी, उतरा समदे. गाडीला झेपंना."

उत्तर आलं नाही. एकदा लाज गेलीच होती. त्यांनी खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "उतरा! माझ्या गाडीला झेपत न्हाई!"

"बिरेक सोडू नका, आबा!" बायनाबाईचा आवाज आला. तो हौद्यातून आला नव्हता. पार बोटीच्या मागून आला होता. "दगड लावू द्या चाकाला!"

अर्जुनरावांनी हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. हौद्यात माणूस नव्हता. ते बोटीला वळसा घालून गेले. आसाराम गुडघा दाबत चाकाखाली दगड सारत होता. शिवकन्येनं बोटीला पाठ लावली होती, पाय पोटरीपर्यंत गाळात. आणि बायनाबाईनं पदर कमरेला खोचून खांदा दिला होता. खांद्यावर लुगड्याची घडी ठेवलेली. घडी रोजची होती, हे बघताक्षणी कळत होतं.

"कवापासून?" अर्जुनरावांनी विचारलं.

आसारामनं दगडाकडं बघितलं. बायनाबाईच म्हणाली, "पयल्या दिसापासून. चढ आला की आमी मागल्या मागं उड्या टाकतोत. गहिनीनाथ होता तवर काय वाटत नव्हतं, आता लई जड जातंय."

"मग मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी पारावर सांगत होतात, चढती म्हणून. चेअरमनला खोटं पाडावं का आमी?"

अर्जुनरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण धरणी तर उघडी पडून भेगाळली होती, तीही घेईना. गाडीची लाज त्यांना आजवर वाटत होती, ती आता कुठल्या कुठं गेली. पारावरचं एकेक वाक्य आठवलं आणि त्या वाक्याच्या वेळी समोर बसलेली, दिवसभर पाण्यात राबून वर बोट ढकलून आलेली माणसं आठवली. त्यांनी बाह्या सारल्या आणि बोटीला हात लावला.

"तुमी ढकलल्यावर चालवायचं कुणी?" बायनाबाई म्हणाली. "आमाला येतंय व्हय?"

ते खरंच होतं. थोडंफार चालवता येणारा गहिनीनाथ उसाच्या फडात होता. ढकलायची इतकी इच्छा आयुष्यात पहिल्यांदाच झालेली, आणि अर्जुनरावांना गुमान जाऊन सीटवर बसावं लागलं. खिडकी त्यांनी उघडी ठेवली. त्यामुळं आज सगळं ऐकू आलं, म्हातारीचा हुंकार, आसारामचं कण्हणं, शिवकन्येचा पाय घसरला तेव्हाचं "अगं आई". त्यांचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता. टेम्पो वीत वीत करत चढला.

वर पोचल्यावर ते दार उघडणार तोच गाडी मागून दबली. तिघं नेहमीसारखी लगबगीनं पुढं येऊन हौद्यात चढून बसली होती. बायनाबाईनं पदर सोडून डोक्यावर घेतला होता, शिवकन्या पायाचा गाळ खरडत होती.

चौकीपाशी केजहून नवा व्यापारी मासळीसाठी येऊन थांबला होता. त्यानं टेम्पोभोवती फेरी मारली, बोटीकडं बघितलं आणि हसत म्हणाला, "एवढुशी गाडी अन् एवढी बोट! ढकलावी लागत असंल की, चेअरमनसाहेब?"

अर्जुनरावांनी तोंड उघडलं. या वेळी वाक्य तयार होतं, खरं काय ते सांगायचंही ठरलं होतं.

"ढकलायची कावून?" मागून बायनाबाई म्हणाली. धाप अजून पुरती बसली नव्हती. "आमी तर बसूनच आलोत."

आसारामनं मान हलवली. व्यापारी टेम्पोकडं कौतुकानं बघत राहिला, आणि अर्जुनरावांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.