नर्मदाबाईची काथवट

मी काथवट बोलतेय. बाभळीची आहे, त्यामुळे बोलणं जरा टणक लागेल. मनावर घेऊ नका. आमच्या म्हसावदच्या घरात सगळे अहिराणीच बोलतात, पण तुम्ही कुठले कोण जाणे, म्हणून तुमच्यासाठी ही शाळेतली मराठी.

काथवट म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, हेही एक नवलच. लाकडाची मोठी, उथळ परात म्हणा. माझ्यातच पीठ मळायचं आणि माझ्यातच भाकरी थापायची. पोळपाट नाही, लाटणं नाही, नुसता हात.

मूळची मी धानोऱ्याची. तिथे एका शेताच्या बांधावर उभी होते. नर्मदाबाईचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी झाड पाडलं आणि बुंधा चुनीलाल सुताराच्या ओट्यावर नेऊन टाकला. चुनीलालने वाकसाने तासून तासून मला आठ दिवस कोरलं. लाकूड आहे की लोखंड म्हणून शिव्याही घातल्या. शेवटी माझं पोट गुळगुळीत झालं, तसं त्याने मला शेंगदाण्याचं तेल पाजलं आणि सावलीत ठेवलं. सावलीत म्हणतेय, लक्षात असू द्या.

नर्मदाबाईबरोबर मी म्हसावदला आले. पहिल्याच सकाळी तिने माझ्यात कळणाचं पीठ घेतलं. कळण म्हणजे ज्वारीत काळे उडीद घालून दळलेलं. आमच्या खान्देशात त्याच्यावर सगळ्यांचा जीव. तिने उकळतं पाणी ओतलं, पीठ मळलं, एक गोळा माझ्या मधोमध ठेवला. मग उजवा हात थापायला लागला. डावा हात कडेला नुसता टेकलेला दिसत होता, पण फिरवत होता तोच. उजवा थापतोय, डावा फिरवतोय, आणि तोंडाने ती सासूशी पापडांबद्दल बोलतेय. गोळ्याकडे बघतसुद्धा नव्हती. एवढ्यात भाकरी माझ्या काठाला येऊन टेकली, आणि कडेला एक चीर नाही.

मी थक्क झाले. झाड असताना मी वीज पडताना बघितली होती, तापीकडून येणारी वावटळ बघितली होती. पण ओल्या पिठातून दोन हात असं काही काढतात, हे कधी बघितलं नव्हतं. वाटलं, नवी नवरी आहे, आज जमून गेलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. चव्वेचाळीस वर्षं झाली, खरं सांगते, माझं नवल तसूभरही कमी झालेलं नाही.

माणसांच्या खोडी मात्र मला चांगल्या पाठ आहेत. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, नको नको म्हणतो आणि हात बरोबर अर्धी भाकरी मावेल एवढा बाजूला घेतो. पोरं ठेचा बघून नाक मुरडतात आणि आई वळली की बोट चाटतात. शहाद्यातले नातेवाईक एके काळी आमच्या भाकरीला हसायचे. रक्तातली साखर वाढली, तसे तेच आता ज्वारीचं पीठ पाकिटातून विकत आणतात.

आणि घरधनी चुडामण! माणूस भला. केळीच्या बागेतलं एकेक झाड ओळखायचा, पण घरात मीठ कुठे असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ताट समोर यायचं, तो जेवायचा, हात धुवायचा. पहिली भाकरी गाईची, मग त्याची, मग भूपेशची. भूपेश म्हणजे त्यांचा एकुलता एक. नर्मदाबाई सगळ्यांच्या मागून बसायची. तिला कोणी वाढलेलं मी एकदाही बघितलं नाही.

यंदा होळीनंतरची गोष्ट. एका सकाळी ती थापत होती आणि तिचा उजवा हात माझ्यात थांबला. थांबला म्हणजे जड होऊन पडूनच राहिला. तिने तो उचलायला बघितलं, उचलला गेला नाही. मग तीच माझ्यावर कलंडली. अर्धी थापलेली भाकरी तिच्या गालाला चिकटली होती. त्या दिवशी मला लाकूड असल्याचा फार राग आला.

बारा दिवसांनी तिला शहाद्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. उजवं अंग गेलं होतं. भूपेश सुरतेला नोकरीला. तो ये-जा करू लागला. शेजारची छबूबाई दोन्ही वेळचा डबा द्यायची. गव्हाच्या मऊ पोळ्या, वरण, भाजी. नर्मदाबाई दोन घास घ्यायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. मला कोपऱ्यात सरकवून माझ्यात लसूण भरून ठेवला होता.

तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. गिळायला यांना काही अडचण नाही, या खातच नाहीत. वरणात कुस्करून भाकरी द्या, ताक द्या, मीठ कमी करा, पण पोटात गेलं पाहिजे. महिन्याभरात वजन अजून उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. हे छबूबाईला सांगताना भूपेश दाराशी उभा राहून रडला.

छबूबाईने नर्मदाबाईला जवळ बसून समजावलं, रागावली, हातही जोडले. तेव्हा ती एवढंच बोलली, "मन्हा हात चालत नही, ते तोंड कसाले चालाडू?"

हात चालत नाही तर तोंड तरी कशाला चालवू. चुडामण खाटेच्या पायथ्याशी बसला होता. सकाळी उठला आणि त्याने मला लसणाखालून ओढून काढलं.

आता त्या भल्या माणसाने काय करावं? मी कळकट दिसले, म्हणून मला गुरांच्या हौदात बुडवून ठेवलं, दुपारपर्यंत. आणि मग धुतलेल्या धोतरासारखं वैशाखाच्या उन्हात वाळत घातलं! चव्वेचाळीस वर्षं नर्मदाबाईने मला ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवलं होतं. मी तडकले. काठापासून पोटापर्यंत. आवाज घरात ऐकू गेला असणार, कारण खाटेवरून पहिल्यांदाच तिने इकडे मान वळवली.

चुडामण डोक्याला हात लावून बसला. मग तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याने माझ्या पाठीला पट्टी ठोकली. वेडीवाकडीच, पण घट्ट.

पुढचे दिवस काय सांगू. गिरणीत जाऊन कळण दळून आणलं, तर त्यात ज्वारी तेवढेच उडीद! चारास एक घालायचे, एवढंही त्याला माहीत नव्हतं. खताचं माप काटेकोर पाळणारा माणूस. ते पीठ त्याच्या बोटांना असं चिकटलं की सुटेना. पहिली भाकरी गाईपुढे टाकली, तर गाईनेसुद्धा मान फिरवली. पुन्हा दळण आणलं. या वेळी माप बरोबर होतं, पण पीठ थंड पाण्यात मळलेलं. गोळा उचलला की तुकडे. तो तुकडे गोळा करायचा, पुन्हा मळायचा, पुन्हा तुकडे. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण एकदाही चिडला नाही. मी हे तोंडात बोट घालून बघत होते. बोट नाही मला, पण समजून घ्या.

आठव्या-नवव्या दिवशी खाटेवरून आवाज आला, "पानी उकयू द्या ना पहिले."

चुडामण जागीच थबकला. मग त्याने पाणी उकळलं, बोटं भाजून घेतली आणि पीठ छान मळून आलं. पण भाकरी काही होईना. उजवा हात थापायचा आणि डावा नुसता लोंबत राहायचा. भाकरी एकीकडे पातळ, एकीकडे जाड, आणि कड फाटायची. शहाद्याला दाखवायला दोनच आठवडे उरले होते, आणि ती अजून दोन घासांवरच होती.

मग त्याने जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्याने मला उचललं, पिठासकट, आणि खाटेवर तिच्यापुढे ठेवलं. तिच्या पाठीला उशी लावली. स्वतः तिच्या उजव्या अंगाला बसला, जिथे तो निकामी हात पडला होता, अगदी खेटून. चव्वेचाळीस वर्षांत ती दोघं चारचौघांत अशी कधी बसली नसतील. दारात उभ्या छबूबाईने पदर तोंडाला लावला.

"मन्हाकडथून डावा हात व्हत नही," तो म्हणाला. "तुन्हा लाव."

माझी चीर तिने बोटाने चाचपली. मग तिचा डावा हात गोळ्याच्या कडेला येऊन टेकला.

चुडामणने थाप मारली. जोरात.

"हयू," ती म्हणाली. "केयीना घड नही शे तो."

केळीचा घड नव्हे हे पटलं, तसा तो हळू थापू लागला. तिचा हात फिरवू लागला. आधी दोघांचं जुळेना. तो पुढे पळायचा, ती मागे राहायची. मग तो थांबला आणि तिच्या हाताची वाट बघायला शिकला. आणि माझ्या पोटात तोच ठेका आला, त्या पहिल्या सकाळचा, जो पुन्हा कधी ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. उजवा हात नवऱ्याचा, डावा बायकोचा. भाकरी वाढत वाढत काठापर्यंत आली. देवाशप्पथ सांगते, बाभळीच्या अंगावर शहारा आला.

ती भाकरी गाईला गेली. रीत ती रीत. दुसरी तव्यावर टम्म फुगली. चुडामण ती स्वतःच्या ताटात घेईल, तिला तसंच वाटत होतं. पण त्याने ती वाटीत कुस्करली, वर मुगाचं पातळ वरण ओतलं आणि घास तिच्यापुढे धरला. नर्मदाबाईने भिंतीकडे बघितलं नाही. आपल्या पिठाळलेल्या डाव्या हाताकडे बघितलं.

"हात चालना," ती म्हणाली, म्हणजे हात चालला, आणि तिने तोंड उघडलं.

त्या सकाळी सगळ्यांच्या आधी ती जेवली. तिचं होईपर्यंत चुडामण थांबला.

नळी लागली नाही. वजनाचा काटा थोडा वर गेला, एवढं मला छबूबाईच्या बोलण्यातून कळलं. उजवा हात अजून तसाच आहे, आणि तो परत येईल असं कोणी म्हणत नाही. मीही तडकलेलीच आहे. चिरेत पीठ अडकतं, ते चुडामण काडीने काढतो, फडक्याने मला पुसतो आणि सावलीत ठेवतो. शिकला बिचारा.

माझ्या जातीच्या कितीतरी जणी आता हॉटेलांच्या भिंतींवर शोभेला टांगल्यात म्हणे. तुमच्या घरात माझी कोणी बहीण माळ्यावर पडली असेल, तर तिला खाली काढा. भाकरी बिघडेल. बिघडू द्या, गाय आहे. पण जी इतकी वर्षं सगळ्यांच्या मागून जेवत आली, तिच्याशेजारी एकदा बसा आणि तिचा हात कसा चालतो ते बघा. जमलं तर आपला एक हात द्या.

आता मला जायला हवं. पाणी उकळलंय, आणि खाटेवरून हाक आली आहे.